पाचशे बाळांची सुईण

 

गेल्या वर्षी 'आपला परिसर' या सदरात आपण कॅप्टन विल्यम लुईस हर्नडन यांची गोष्ट वाचली. १८५७ साली 'सेंट्रल अमेरिका' हे जहाज वादळात सापडलं, तेव्हा बायका-मुलांना आधी होड्यांमध्ये उतरवून स्वतः जहाजाबरोबर बुडालेला हा कप्तान. आपल्या गावाला नाव त्यांचंच. लेख छापून आल्यावर दोघी-तिघींचे फोन आले. एकीने तर सरळच सांगितलं, "पुढच्या वेळी एखाद्या बाईबद्दल लिही. आणि जिच्या नावाने गाव नाही, अशा बाईबद्दल लिही."

म्हणून यंदा क्लॉडीन करी स्मिथ या सुईणबाईंबद्दल लिहिते आहे. १९४९ ते १९८१ या काळात त्यांनी व्हर्जिनियातल्या नॉर्दर्न नेक भागात पाचशेहून अधिक बाळंतपणं केली.

नॉर्दर्न नेक आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मुलांना घेऊन वेस्टमोरलँड स्टेट पार्कच्या किनाऱ्यावर शार्कचे जुने दात शोधले आहेत. फ्रेडरिक्सबर्गवरून पूर्वेकडे वळलं की पोटोमॅक आणि रॅपाहॅनॉक या दोन नद्यांच्या मधला जो लांबट जमिनीचा पट्टा लागतो, तो नॉर्दर्न नेक. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म इथलाच. ग्रेट फॉल्सला आपण जी पोटोमॅक खडकांवर आदळताना बघतो, ती तिथे पोचेपर्यंत समुद्रासारखी रुंद झालेली असते. शेती आणि मासेमारीचा भाग. गावं छोटी आणि एकमेकांपासून लांब. रॅपाहॅनॉकवरचा मोठा नॉरिस पूल झाला १९५७ साली. म्हणजे क्लॉडीनबाईंनी काम सुरू केलं तेव्हा तोही नव्हता.

मला हा विषय सापडला तो आमच्या कॉलनीतल्या एका आजींमुळे. सत्तरी ओलांडलेल्या, कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका. मीही इकडे येण्यापूर्वी शाळेत शिकवत होते, त्यामुळे आमचं जमतं. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या की त्यांचा आणि त्यांच्या चारही भावंडांचा जन्म घरातच झाला, सुईणीच्या हातून. आणि मग त्यांनी कपाटातून आपला जन्मदाखला आणून दाखवला. त्यावर जन्माच्या वेळी हजर असलेल्या व्यक्तीच्या जागी त्या सुईणीची सही होती. अक्षर जरा थरथरतं, पण नाव पूर्ण, आडनावासकट. ती सही बघून मी घरी आले आणि ग्रंथालयाच्या वेबसाइटवर शोधायला बसले.

शोधता शोधता क्लॉडीनबाईंचं पुस्तक कळलं. मिल्ड्रेड रॉबर्सन या परिचारिका असलेल्या अभ्यासक बाईंबरोबर त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या आणि २००३ साली त्याचं पुस्तक झालं. पुस्तकाच्या नावाचा अर्थ असा, की माझी पिशवी कायम भरलेली असायची. बाळंतपण काही वेळ सांगून येत नाही. रात्री-अपरात्री कोणी बोलवायला आलं की पिशवी उचलायची आणि निघायचं.

त्या काळी दक्षिणेकडच्या सुईणींच्या पिशवीत काय काय असायचं, याची यादी मोठी वाचनीय आहे. पांढरा स्वच्छ अॅप्रन आणि टोपी. साबण आणि नखं घासायचा ब्रश. उकळून घेतलेली कात्री. नाळ बांधायची फीत. बाळाच्या डोळ्यांत घालायचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. आपल्या मुलांच्या डोळ्यांना जन्मल्याबरोबर मलम लावलं होतं ना, त्याचाच हा पूर्वज. बाळाचं वजन करायचा काटा. आणि जन्मनोंदणीचे कोरे कागद. अंथरायला चादरी कमी पडायच्या, म्हणून स्वच्छ वर्तमानपत्रांच्या जाड घड्या शिवून गाद्या करायच्या. आरोग्य खात्याच्या परिचारिका सुईणींचे वर्ग घेत आणि पिशवी उघडून तपासत. परवाना हवा असेल तर पिशवी नीट हवी.

ही शिस्त आली त्यामागे १९२१चा शेपर्ड-टाउनर कायदा होता. आई आणि बाळाच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारने पहिल्यांदाच राज्यांना पैसे दिले, आणि त्यातला काही भाग सुईणींच्या प्रशिक्षणावर खर्च झाला. १९२९ साली हा कायदा संपला, पण वर्ग आणि परवाने राहिले.

आता कोणीही विचारेल, की विसाव्या शतकाच्या मध्यावर, अमेरिकेसारख्या देशात, बायका घरी का बाळंत होत होत्या? गरिबी आणि अंतर ही कारणं होतीच. पण मोठं कारण म्हणजे दवाखान्याचं दारच बंद होतं. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना बऱ्याच हॉस्पिटलांत प्रवेश नसे. जिथे असे तिथे वेगळा, कोंदट वॉर्ड. १९४६ साली नवी हॉस्पिटलं बांधायला सरकारी पैसा देणारा हिल-बर्टन कायदा आला, त्यातसुद्धा 'वेगळं पण समान' अशी पळवाट ठेवलेली होती. ग्रीन्सबरोच्या डॉक्टरांनी आणि रुग्णांनी त्याविरुद्ध दावा लावला, आणि १९६३ साली रिचमंडच्या अपील न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर मेडिकेअर आलं आणि सरकारी पैसे हवे असतील तर भेदभाव चालणार नाही, हे हॉस्पिटलांना मान्य करावं लागलं.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या शेजारच्या आर्लिंग्टनचं बघा. तिथल्या कृष्णवर्णीय बायका बाळंतपणासाठी नदी ओलांडून वॉशिंग्टनला जात. तिथलं फ्रीडमन्स हॉस्पिटल १८६२ साली, गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांसाठी सुरू झालेलं. त्याचंच पुढे हॉवर्ड युनिव्हर्सिटी हॉस्पिटल झालं. पण नॉर्दर्न नेकच्या बाईला कळा सुरू झाल्यावर वॉशिंग्टन गाठणं शक्य नव्हतं. तिच्यासाठी सुईणच डॉक्टर, सुईणच नर्स, आणि पुढचे काही दिवस घर सांभाळणारी मावशीसुद्धा तीच. आदल्या भेटींमध्ये ती घर बघून ठेवायची, पाणी कुठून आणायचं, उकळायचं कशात, मोठ्या मुलांना कुणाकडे पाठवायचं. मोबदला मिळाला तर थोडे पैसे, नाहीतर कोंबडी, भाजी, कधी नुसतंच 'पुढच्या हंगामात देतो'. अनेक ठिकाणी गोऱ्या घरांतली बाळंतपणंही याच बायका करत.

त्या सहीची मात्र एक काळी बाजूही आहे, तीही सांगायला हवी. व्हर्जिनियात १९१२ पासून जन्मनोंदणी सक्तीची झाली आणि वॉल्टर प्लेकर नावाचे डॉक्टर नोंदणी खात्याचे प्रमुख झाले. १९४६पर्यंत ते त्या खुर्चीवर होते. १९२४ साली 'वंशशुद्धी'चा कायदा आला. कागदावर 'गोरा' लिहायचं की 'काळा', यावर त्या मुलाची शाळा, लग्न, दफनभूमी सगळं ठरू लागलं. प्लेकर सुईणींना पत्रं पाठवून धमकावत. लिंचबर्गच्या एका सुईणीने बाळाची नोंद गोरं म्हणून केली, तर खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, शिक्षा होईल, असं तिला बजावलं गेलं. विचार करा, रात्रभर जागून एका बाळाला सुखरूप जगात आणायचं आणि सकाळी त्याच हाताने त्याच्या जातीचा शिक्का मारायचा. त्या कायद्यातली आंतरवंशीय विवाहाची बंदी १९६७ साली, लव्हिंग पतिपत्नींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. ते जोडपंही व्हर्जिनियाचंच. आपल्या मंडळातल्या कितीतरी लग्नांना आज ज्याचा आधार आहे, तो हा निकाल.

सुईणी प्रत्यक्ष काम कसं करत, हे बघायचं असेल तर एक जुना माहितीपट जरूर पाहा. 'ऑल माय बेबीज'. जॉर्ज स्टोनी यांनी तो जॉर्जियाच्या आरोग्य खात्यासाठी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला केला, सुईणींना शिकवण्यासाठी. त्यात ऑल्बनी गावच्या मेरी कोली या सुईणबाई स्वतः आहेत. त्यांनी आयुष्यात तीन हजारांहून अधिक बाळंतपणं केली. खऱ्या घरातलं खरं बाळंतपण त्यात दाखवलं आहे, तेव्हा लहान मुलांना बाजूला ठेवून बघा. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ साली राष्ट्रीय चित्रपट ठेव्यात त्याची निवड केली. मला त्यात सगळ्यात आवडलं ते मेरीबाईंचं हात धुणं. शिकवायची सवय असलेल्या माणसाला कळतं, की आपण हे कोणालातरी दाखवतो आहोत याचं भान त्यांना आहे. एकेक बोट, एकेक नख.

मग हा व्यवसाय गेला कुठे? हॉस्पिटलांची दारं उघडली, रस्ते झाले, पूल झाले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात व्हर्जिनियाने परंपरेने शिकलेल्या सुईणींना नवे परवाने देणं बंद केलं. ज्यांच्याकडे होते त्यांनी चालवायचे, मागून नवी कोणी येणार नाही. क्लॉडीनबाई १९८१ साली थांबल्या. रीतसर शिक्षण घेतलेल्या पण परिचारिका नसलेल्या सुईणींना व्हर्जिनियाने पुन्हा परवाना देऊ केला तो २००५ साली. मधल्या काळात आजीकडून नातीकडे, मावशीकडून भाचीकडे जाणारी विद्या बरीचशी तुटली.

हॉस्पिटल वाईट असं माझं म्हणणं मुळीच नाही. माझी दोन्ही मुलं हॉस्पिटलमध्ये झाली आणि धाकट्याच्या वेळी सिझेरियन झालं नसतं तर हा लेख लिहायला मी नसते. सुईणीच्या काळात बाई अडली तर पुष्कळदा काहीच करता येत नसे. ते दिवस परत यावेत असं कुणी म्हणू नये.

पण हॉस्पिटलचं दार उघडलं म्हणून सगळं ठीक झालं, असंही नाही. सरकारच्या सीडीसी या संस्थेच्या आकड्यांनुसार २०२२ साली अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू होते ४९.५, आणि गोऱ्या मातांचे १९. अडीच पटींहून जास्त. शिक्षण आणि पैसा असला तरी हा फरक पुसला जात नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्सने स्वतःच सांगितलं आहे, की २०१७ साली मुलीच्या जन्मानंतर श्वास लागला तेव्हा फुप्फुसात गुठळी असावी, तपासा, हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. तपासलं, तर खरंच गुठळ्या होत्या. जगातल्या एका सर्वांत प्रसिद्ध खेळाडूचं म्हणणं ऐकून घ्यायला इतका वेळ लागत असेल, तर इतरांचं काय? आणखी एक आकडा देते. भारताच्या २०१८-२०च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा मातामृत्यूचा आकडा एक लाखामागे ३३ आहे. दोन देशांच्या मोजण्याच्या पद्धती थोड्या वेगळ्या आहेत हे धरूनही, हे वाचून मी दोन मिनिटं थांबले.

क्लॉडीनबाईंसारख्या सुईणी ज्या घरात जायच्या, तिथलं माणूस न् माणूस त्यांना माहीत असे. बाई 'मला बरं वाटत नाही' म्हणाली तर ते त्यांना लगेच खरं वाटे. आज कृष्णवर्णीय समाजातल्या अनेक तरुण मुली पुन्हा सुईणकाम आणि डूलाचं काम शिकताहेत, त्यामागे हेच आहे. हॉस्पिटल हवंच, पण आपलं ऐकणारं माणूसही शेजारी हवं.

आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. बाळंतपणाला आई येणार म्हणून सहा महिन्यांचा व्हिसा, बॅगेत डिंक, अळीव, खारीक-खोबरं, इथे आल्यावर बाळाची टाळू भरणं, तेल लावून न्हाऊ-माखू घालणं, आणि बाळाला धुरी दिल्याबरोबर वाजणारा तो स्मोक अलार्म. हे आपल्या घरोघरी झालेलं आहे. २०२० साली विमानं बंद झाली आणि कितीतरी जणींच्या आया येऊ शकल्या नाहीत. तेव्हा मंडळातल्या मैत्रिणींनी दारात डबे ठेवले, काचेतून बाळ बघितलं. माझा धाकटा त्याच वर्षीचा. एका बाळंतिणीला औषधाइतकंच माणूस लागतं, हे मी तेव्हा शिकले.

शेजारच्या आजींचा दाखला बघितल्यापासून एक प्रश्न माझ्या मनात होता. मी आईला फोन करून विचारलं, की तुझा जन्म गावाला घरीच झाला ना, मग सुईण कोण होती? आईला माहीत नव्हतं. तिने आजीला विचारलं. आजी आता नव्वदीला आली आहे. पाच बाळंतपणं, पाचही त्याच बाईच्या हातची. आजीला तिचा चेहरा आठवत होता, तिचे गरम हात आठवत होते, दोन दिवस बाळ आडवं होतं तेव्हा तिने पोटावरून हात फिरवत ते कसं वळवलं ते आठवत होतं. नाव विचारलं तर म्हणाली, "नाव कशाला लागायचं? सुईणीला बोलवा म्हटलं की ती येई."

मग हळूहळू बाकीचं कळलं. ती गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहायची. बाळंतपण झालं की नाळ तिने कापायची, वार तिने पुरायची, रक्ताचे कपडे तिने धुवायचे, कारण ते काम इतरांनी करायचं नाही. पाचवीला तिला खण, नारळ, धान्य मिळे. पण बाराव्या दिवशी घर शुद्ध झालं, बारसं झालं, की तीच बाई अंगणापर्यंत यायची. आजीने हे काही लपवून सांगितलं नाही, तेव्हाची रीत म्हणून सांगितलं. आपल्याकडे बऱ्याच गावांत सुईणी मातंग आणि इतर दलित घरांतल्या असत. जिच्या हातात घरचं बाळ पहिल्यांदा येतं, तिच्या हातचं पाणी चालत नसे. गोऱ्यांच्या घरी बाळंतपण करून मागच्या दाराने बाहेर पडणाऱ्या इथल्या सुईणीची गोष्ट वाचताना मला हे सारखं आठवत होतं.

आपल्याकडेही या बायकांचा विचार करणारी माणसं झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेमार्फत खेड्यातल्या दायांना आणि आरोग्यदूतांना बरोबर घेऊन नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायची पद्धत बसवली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अहवाल आला. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आपली डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली डॉक्टर झाली, तिथल्या तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. तिच्या आधी, १८६७ साली, त्याच महाविद्यालयातून रिबेका कोल ही कृष्णवर्णीय मुलगी डॉक्टर झाली होती. या दोघींची नावं आपण अभिमानाने घेतो, आणि घ्यायलाच हवीत.

आज महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. फार चांगली गोष्ट आहे. पण याचा अर्थ असाही आहे, की ज्यांना सुईण आठवते अशी माणसं आता ऐंशी-नव्वदीत आहेत. क्लॉडीनबाईंच्या हातून जन्मलेल्या पाचशे जणांच्या कागदावर त्यांचं नाव आहे, आणि त्यांनी स्वतः आपली गोष्ट सांगून ठेवली. आपल्या सुईणींची सही कुठेच नाही. जे काही आहे ते आपल्या आज्यांच्या आठवणीत आहे.

तेव्हा मंडळी, यंदा दिवाळीला भारतात फोन कराल तेव्हा फराळ काय केला हे विचाराच, पण त्याबरोबर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला हेही विचारा: आपल्याकडे सुईण कोण यायची? तिचं नाव काय होतं? राहायची कुठे? तिची मुलं-नातवंडं गावात आहेत का? मिळेल तेवढं लिहून अंकाच्या पत्त्यावर मला पाठवा. पुढच्या वर्षी या सदराच्या पानावर मी दुसरं काही लिहिणार नाही. गाव आणि त्यासमोर नाव, एवढीच यादी छापू.

माझी आई आमच्या गावातल्या दोन-तीन घरी विचारते आहे. अजून नाव लागलेलं नाही. लागलं की यादीत पहिलं तेच असेल.